गार पडणारी बाळे आणि फसणारे प्रकल्प: प्रसूती व नवजात विभागात सुधारणा प्रकल्प क्रमाने कसा करावा

माता आणि नवजात बाळांची काळजी सुधारावी म्हणून रुग्णालयांत हाती घेतलेले प्रकल्प बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतात. आधी उपकरणांची खरेदी होते, मग एका दिवसाचे प्रशिक्षण होते, दीपप्रज्वलनाचे फोटो निघतात, आणि सहा महिन्यांनी वरून अहवाल मागितला गेला की निवासी डॉक्टर जुनी रजिस्टरे काढून त्यांत कधीच न लिहिलेली माहिती शोधत बसतात. एथिक्स कमिटीची आठवण तर परिषदेला निबंध पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात होते. यांतली बहुतेक कामे करायचीच असतात. ती चुकीच्या क्रमाने केली जातात म्हणून प्रकल्प फसतो.

हा लेख जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील प्रसूती आणि बालरोग विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी आहे. सगळे टप्पे एकाच उदाहरणावर दाखवले आहेत: लेबर रूममध्ये किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये जन्मलेले बाळ विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, पोहोचेपर्यंत गार पडलेले असते. ओल्या अंगाचे नवजात बाळ उघडे राहिले तर पहिल्या १० ते २० मिनिटांत त्याचे तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकते. यावरचे उपाय सर्वांना पाठ आहेत, मोजायला एक थर्मामीटर पुरतो, आणि तरीही बाळे गार येतात. म्हणून शिकण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण नाही. एम्स, दिल्ली आणि जागतिक आरोग्य संघटनेचे आग्नेय आशिया कार्यालय यांनी रूढ केलेल्या ‘पॉइंट ऑफ केअर’ पद्धतीच्या चार पायऱ्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना खालचा सांगाडा ओळखीचा वाटेल. इथे भर आहे तो त्या पायऱ्यांवर जिथे पाय घसरतो तिथे.

टप्पा १: सुधारणा की संशोधन, हे पहिल्याच दिवशी ठरवा

स्वतःला एक प्रश्न विचारा. ‘हा उपाय लागू पडतो का?’ हे तुम्हाला शोधायचे आहे, की ‘लागू पडतो हे सिद्ध झालेला उपाय आमच्याकडे प्रत्येक बाळापर्यंत का पोहोचत नाही?’ हे शोधायचे आहे? पहिला प्रश्न संशोधनाचा, दुसरा गुणवत्ता सुधाराचा. जन्मतःच बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवल्याने ते उबदार राहते, हे आता नव्याने सिद्ध करायचे उरलेले नाही. तुमच्या लेबर रूममध्ये ते रात्री तीन वाजता का होत नाही, एवढेच शोधायचे आहे. याउलट, दोन प्रकारच्या आवरणांपैकी कोणते चांगले हे पाहण्यासाठी चिठ्ठ्या टाकून बाळांचे दोन गट करणार असाल, तर ते संशोधन आहे आणि त्याची वाट वेगळी आहे.

संशोधन असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी, पालकांची लेखी संमती आणि, चाचणी असल्यास, भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी, म्हणजे सीटीआरआय, येथे नोंद हे तिन्ही पहिले बाळ सहभागी होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागते. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय आधीच सुरू झालेल्या चाचण्यांची नोंद स्वीकारत नाही, त्यामुळे ‘नंतर करू’ हा पर्यायच नाही. संमतीबाबत प्रसूती विभागाची एक खास अडचण आहे. कळा देत असलेल्या बाईपुढे चार पानांचा कागद धरून घेतलेली सही ही संमती नव्हे. माहिती गरोदरपणाच्या तपासणीला ओपीडीत द्यावी, घरी बोलायला वेळ द्यावा आणि दाखल होताना पुन्हा विचारावे.

गुणवत्ता सुधार असेल तर? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्तावांची छाननी तीन प्रकारे होते: पुनरावलोकनातून सूट, जलद पुनरावलोकन आणि पूर्ण समितीपुढील पुनरावलोकन. संस्थेतल्या गुणवत्ता तपासणीला सूट मिळू शकते. पण सूट आहे की नाही हे समितीने ठरवायचे असते, प्रकल्प करणाऱ्याने नव्हे. म्हणून दोन पानांचा अर्ज सुरुवातीलाच टाका आणि उत्तर लेखी घ्या. काम पुढे कधीतरी छापावेसे वाटेल, अशी पुसटशी शक्यता असली तरीही.

इशारा: झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. ‘गुणवत्ता सुधार’ हे नाव देऊन संमतीचा त्रास टाळण्याचा मोह तर अजिबात नको.

टप्पा २: हातात असलेला प्रश्न निवडा

पहिला प्रकल्प ‘नवजात मृत्युदर कमी करणे’ असा कधीही घेऊ नका. एका रुग्णालयात महिन्याला होणारे मृत्यू आकड्याने थोडे असतात आणि त्यांची कारणे अनेक असतात. या महिन्यात चार आणि पुढच्या महिन्यात दोन, एवढ्यावरून मृत्यू निम्म्यावर आले असे म्हणणे म्हणजे नाणे दोनदा उडवून निष्कर्ष काढण्यासारखे आहे. अतिशय कमी वजनाच्या बाळांवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दाखल होतानाच्या तापमानातील प्रत्येक अंश घटीबरोबर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. हा आकडा प्रश्न महत्त्वाचा का आहे हे सांगायला उपयोगी आहे. तुमच्या प्रकल्पाने किती जीव वाचले याचे गणित मांडायला मात्र तो वापरू नका, कारण तो संबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही.

चांगल्या पहिल्या प्रश्नाची लक्षणे साधी आहेत. तो रोज समोर येतो. तो सोडवण्यासाठी संचालनालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्याचे मोजमाप त्याच पाळीत होते. आणि लेबर रूममधल्या सिस्टरलाही तो प्रश्न वाटतो. शेवटची अट सर्वांत जास्त डावलली जाते. डॉक्टरांना छळणारा प्रश्न आणि सिस्टरला छळणारा प्रश्न वेगळे असतील, तर पहिल्या प्रकल्पासाठी सिस्टरचा घ्या.

टप्पा ३: चमू, आणि त्यात कोण हवेच

पाच ते सात माणसे पुरतात. विभागप्रमुख पाठीशी हवेत, पण प्रत्येक बैठकीत समोर असण्याची गरज नाही. ते बसले की बाकीचे गप्प बसतात. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर, एसएनसीयूची एक सिस्टर, थिएटरचे एक ब्रदर किंवा सिस्टर, प्रसूती आणि बालरोग विभागांचे एकेक निवासी डॉक्टर, आणि बाळ उचलून नेणाऱ्या मावशी. मावशींना वगळण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. बाळ टेबलावरून वॉर्मरपर्यंत (बाळाला वरून ऊब देणाऱ्या उपकरणापर्यंत), वॉर्मरपासून दारापर्यंत आणि दारापासून एसएनसीयूपर्यंत कोणत्या वाटेने आणि किती थांबे घेत जाते, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच माहीत नसते.

बैठक दुपारी दोनच्या ओव्हरच्या, म्हणजे एका पाळीने दुसरीकडे काम सोपवण्याच्या, वेळी ठेवा. तेव्हा सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्या एकत्र असतात. पंधरा मिनिटे, उभ्याने, आठवड्यातून एकदा. नेतृत्व दोघांकडे द्या, त्यांतली एक व्यक्ती परिचारिका असू द्या. निवासी डॉक्टरांचे पोस्टिंग बदलते, बंधपत्रित डॉक्टर वर्षभरात निघून जातात, आणि एकाच माणसाच्या वहीत असलेला प्रकल्प त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर संपतो.

टप्पा ४: व्याख्या आणि ध्येय लिहून काढा

‘बाळे उबदार ठेवणे’ हे ध्येय नव्हे, ती सदिच्छा झाली. आधी व्याख्या ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार नवजात बाळाचे सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असते, ३६.० ते ३६.४ हा सौम्य, ३२.० ते ३५.९ हा मध्यम आणि ३२ च्या खालचा तीव्र हायपोथर्मिया, म्हणजे शरीर गार पडणे. आता पुढचे प्रश्न. तापमान कुठे घ्यायचे? काखेत. केव्हा? एसएनसीयूत आल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत, वॉर्मरखाली ठेवण्याआधी. कोणाचे? याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचे. बाहेरून १०८ च्या रुग्णवाहिकेने आलेल्या बाळांची नोंद वेगळी ठेवा, कारण त्यांच्या प्रवासावर तुमचा ताबा नाही. ती याच आकड्यात मिसळली तर तुमच्या लेबर रूममधली सुधारणा कधी दिसणारच नाही.

मग ध्येय असे लिहा: ‘आमच्या रुग्णालयात जन्मून एसएनसीयूत दाखल होणाऱ्या बाळांपैकी दाखल होताना काखेतील तापमान ३६.५ पेक्षा कमी असणाऱ्यांचे प्रमाण आठ आठवड्यांत, समजा, ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणणे.’ कोण, काय, किती आणि कधीपर्यंत, ही चारही उत्तरे त्या एका वाक्यात सापडली पाहिजेत. सुरुवातीचा आकडा अर्थातच पुढच्या टप्प्यानंतर भरायचा.

व्याख्येवर एवढा वेळ का घालवायचा, याचे उदाहरण प्रसूतीपश्चात रक्तस्रावात आहे. रक्त किती गेले हे वर्षानुवर्षे नजरेने ठरवले जात होते आणि नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी पडत होता. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीत बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजले गेले, आणि ठरलेले उपचार एकत्र व लगेच दिले गेले. तीव्र रक्तस्राव, रक्तस्रावासाठी कराव्या लागलेल्या पोटाच्या शस्त्रक्रिया आणि त्यामुळे झालेले मृत्यू यांचे मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. तिथली औषधे जुनीच होती. नवे होते ते वेळेवर मोजणे आणि सगळे उपाय एकदम करणे.

टप्पा ५: काहीही बदलण्याआधी मोजा

याच टप्प्यावर सर्वाधिक प्रकल्प बिघडतात, म्हणून इथे सावकाश चला.

पहिली गोष्ट थर्मामीटर. पाऱ्याचा नेहमीचा थर्मामीटर ३५ च्या खाली काही दाखवतच नाही, त्यामुळे ३४ चे बाळही ३५ चेच दिसते. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरांवर ३२ च्या खाली आकड्याऐवजी ‘लो’ अशी खूण येते, आणि घाईत असलेली व्यक्ती बॅटरी संपली असे समजून तो बाजूला ठेवते. ‘लो’ दिसले की तीव्र हायपोथर्मिया समजून लगेच डॉक्टरांना बोलवायचे, हे फॉर्मवरच छापून टाका. शक्य असेल तर कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर मागवा.

दुसरी गोष्ट एकक. बऱ्याच वॉर्डांत एक सिस्टर फॅरनहाइटमध्ये लिहिते आणि दुसरी सेल्सिअसमध्ये. ३६.५ सेल्सिअस म्हणजे ९७.७ फॅरनहाइट. रकान्याच्या डोक्यावर एकक छापा आणि थर्मामीटर त्याच एककावर लावून ठेवा.

तिसरी गोष्ट खरेपणा. मी एकदा एका रुग्णालयाचे रजिस्टर पाहिले, त्यात सलग दोन पाने प्रत्येक बाळापुढे ३६.८ होते, एकाच निळ्या शाईने, एकाच तिरप्या हस्ताक्षरात. कोणी लबाडी केली असे मला वाटले नाही. पाळी संपताना रकाने भरायची सवय होती, आणि रिकामा रकाना दिसला तर बोलणी बसत. अशा ठिकाणी आधी एक जाहीर आश्वासन द्यावे लागते की कमी तापमान लिहिल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, आणि ते पाळावेही लागते. पहिल्या आठवड्यात गार बाळाची नोंद केल्याबद्दल एका सिस्टरला मेमो मिळाला, की पुढच्या आठवड्यापासून सगळी बाळे ३६.८ ची होतात.

फॉर्म एका पानाचा आणि सहा रकान्यांचा असावा: जन्माची तारीख व वेळ, प्रसूतीचा प्रकार, वजन, जन्मावेळी श्वासासाठी मदत लागली का, एसएनसीयूत पोहोचल्याची वेळ, तापमान. सातवा रकाना सुचवणाऱ्याला विचारा की त्या माहितीवरून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात. उत्तर नसेल तर रकाना नको. आईचे किंवा बाळाचे नाव भिंतीवरच्या तक्त्यावर कधीही लिहू नका.

याशिवाय एक समतोलाचे माप ठेवा. गार बाळे कमी करण्याच्या नादात ३७.५ पेक्षा जास्त तापमानाची बाळे वाढत नाहीत ना, हे त्याच रकान्यातून दिसते. ते वेगळे मोजायचे विसरू नका.

मूळ स्थिती किमान तीन आठवडे किंवा २० बाळे, यांपैकी जे उशिरा पूर्ण होईल तिथपर्यंत मोजा. हे कंटाळवाणे आहे, मान्य. पण गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात काळजीचा जो क्षेत्रीय अभ्यास केला, त्यात १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे आधी मूळ स्थितीची मोजदाद झाली आणि मगच उपाययोजना सुरू झाली. त्या मोजदादीशिवाय पुढच्या आकड्यांना काहीच अर्थ राहिला नसता. तुम्हाला तीन आठवडेच लागणार आहेत.

तपासून पाहा: दोन सिस्टरांना एकाच बाळाचे तापमान पाच मिनिटांच्या अंतराने, एकमेकींना न सांगता, घ्यायला लावा. असे पाच बाळांचे करा. फरक वारंवार ०.३ अंशापेक्षा जास्त येत असेल तर पुढे जाऊ नका. थर्मामीटर काखेत कसा आणि किती वेळ धरला जातो ते आधी दुरुस्त करा.

टप्पा ६: बाळाच्या वाटेने चालून कारणे शोधा

खोलीत बसून कारणांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढण्याआधी हातात घड्याळ आणि खोलीचे तापमान दाखवणारे साधे यंत्र घेऊन पाच बाळांच्या मागे जन्मापासून एसएनसीयूपर्यंत चाला. त्यांतली दोन बाळे रात्रीची आणि किमान एक सिझेरियनचे असू द्या. जे दिसेल ते फक्त लिहा, मध्येच शिकवायला जाऊ नका.

काय दिसते? लेबर टेबलाच्या वर पंखा पूर्ण वेगाने चालू असतो, कारण कळा देणारी बाई आणि सिस्टर दोघी घामाघूम असतात. जन्माच्या जागी खोलीचे तापमान २५ ते २८ अंश असावे अशी अपेक्षा आहे. थिएटरचा एसी मात्र सर्जनच्या सोयीने लावलेला असतो. वॉर्मर बाळ आल्यावर सुरू होतो, म्हणजे बाळ थंड गादीवर पडते. बाळ पुसलेल्या ओल्या दुपट्यातच ते गुंडाळले जाते, कारण दुसरे कोरडे दुपटे कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे आहे. वजनकाट्याचे स्टीलचे ताट थंडगार असते. मग दाराशी नातेवाइकांना बाळ दाखवताना, मुलगा की मुलगी हे कळावे म्हणून ते उघडे केले जाते. आणि शेवटी व्हरांडा.

ही नोंद चमूसमोर ठेवा आणि प्रत्येक गोष्टीला ‘असे का?’ हा प्रश्न लागोपाठ विचारा. ओले दुपटे का? कोरडे मिळाले नाही. का? कुलूप. का? मागे दुपटी चोरीला गेली. का? बाळांना वॉर्डात हलवताना दुपटी मोजून देण्या-घेण्याची पद्धत नाही. आता तुमच्या हातात सुटण्याजोगी गोष्ट आली. ‘स्टाफला ज्ञान नाही’ हे उत्तर आले तर समजा की प्रश्न विचारायचे तुम्ही लवकर थांबवले. ओल्या बाळाला कोरडे करावे हे माहीत नसलेली परिचारिका मला अजून भेटलेली नाही.

कारणे दहा निघाली तरी दोन निवडा: जी सर्वाधिक बाळांना लागू होतात आणि ज्यांवर पुढच्या सोमवारी काही करता येईल.

टप्पा ७: एक बदल, एक पाळी, एक बाळ

इथे घाई नडते. कारण सापडले की लगेच परिपत्रक काढून सर्व पाळ्यांना नवी पद्धत लागू करण्याची इच्छा होते. तसे करू नका. योजना, कृती, पडताळणी आणि फेरबदल हे चक्र आधी एका सिस्टरने एका बाळावर फिरवायचे असते.

समजा, बदल असा ठरला: प्रसूती जवळ आली की, बाळ येण्याच्या २० ते ३० मिनिटे आधी, वॉर्मर सुरू करायचा आणि दोन कोरडी दुपटी त्याखाली ठेवायची, पहिल्याने पुसून ते बाजूला टाकायचे, दुसऱ्याने गुंडाळायचे आणि टोपडे घालायचे. मंगळवारच्या सकाळपाळीत एका सिस्टरने हे एका बाळावर करून पाहिले. आधी अंदाज लिहिला होता: ‘जमेल, पण वॉर्मर कधी लावायचा ते चुकेल.’ प्रत्यक्षात वॉर्मर वेळेत लागला; अडचण निघाली ती दुसरीच. पहिले दुपटे टाकायला हाताशी बादली नव्हती, म्हणून ते बाळाच्या बाजूलाच पडून राहिले. दुसऱ्या फेरीत पायाजवळ बादली ठेवली. तिसरी फेरी रात्री, एकच सिस्टर असताना. चौथी सिझेरियनच्या वेळी थिएटरमध्ये. चार फेऱ्या आणि दहा-बारा बाळे झाल्यावरच पद्धत लेखी करावी. दरम्यान जो बदल चालला नाही तोही लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नवा उत्साही डॉक्टर तोच पुन्हा सुचवणार असतो.

या समस्येसाठी फेऱ्यांतून तपासण्यासारखे आणखी बदल: रडणाऱ्या, श्वास नीट असलेल्या बाळाला थेट आईच्या छातीवर ठेवणे आणि वजन पहिल्या तासानंतर करणे, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापेपर्यंतही बाळ आईच्या अंगावर कोरड्या कापडाखाली ठेवणे, वजनकाट्यावर आधी उबदार कापड ठेवून तो शून्यावर आणणे, पहिली अंघोळ किमान २४ तास पुढे ढकलणे. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना न पुसता गळ्यापासून खाली स्वच्छ प्लास्टिकच्या आवरणात ठेवून वॉर्मरखाली घेण्याची पद्धत वेगळी आहे. तिची फेरी बालरोगतज्ज्ञ हजर असतानाच करा. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू काळजी देण्याचा, म्हणजे बाळ आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचा, अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या पाच केंद्रांपैकी एक दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, आणि त्यात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी आढळले. पण त्यासाठी आईला एसएनसीयूत बाळाजवळ राहता येईल अशी जागा लागते. तो स्वतंत्र, मोठा प्रकल्प आहे. पहिल्याच प्रकल्पात तो घुसडू नका.

इशारा: दुपटी किंवा बाळ गरम करण्यासाठी गरम पाण्याच्या बाटल्या, उघडे बल्ब किंवा हीटर वापरू नका, नवजात बाळाची त्वचा सहज भाजते. आणि बाळ श्वास घेत नसेल तर प्रकल्प बाजूला. पुनरुज्जीवन आधी, फॉर्म नंतर.

टप्पा ८: आलेख असा वाचा

‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन उंच खांबांचा आलेख काढू नका. तो हवे ते सिद्ध करतो. काळाच्या क्रमाने ठिपके मांडणारा रन चार्ट काढा, साध्या आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीने. मोठ्या रुग्णालयात आठवड्याला एक टक्केवारी घ्यावी. आठवड्याला पाच-सहाच बाळे येत असतील तर टक्केवारीच्या भानगडीत पडू नका, कारण तिथे एक बाळ म्हणजे १७ ते २० टक्के. त्याऐवजी प्रत्येक बाळाचे तापमान हा एक ठिपका समजा.

मूळ स्थितीतल्या ठिपक्यांचा मध्यांक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून ती रेघ पुढे वाढवा. त्या रेघेच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा अधिक ठिपके आले, तर खरोखर काही बदलले असे समजायला आधार आहे. रेघेवरच पडलेले ठिपके मोजायचे नाहीत. सलग पाच किंवा अधिक ठिपके चढत किंवा उतरत गेले, तर ती चाल समजावी. एखादा आठवडा चांगला गेला म्हणून पेढे आणि एखादा वाईट गेला म्हणून बोलणी, हे दोन्ही टाळा. प्रत्येक बदल ज्या तारखेला सुरू झाला तिथे उभी रेघ मारून त्याचे नाव लिहा.

आता सर्वांत मोठा सापळा. विदर्भात डिसेंबरात सुरू केलेला हायपोथर्मियाचा प्रकल्प एप्रिलमध्ये संपवला, तर तो हमखास यशस्वी होतो. श्रेय सूर्याचे असते. म्हणून खोलीचे तापमान रोज ठरलेल्या वेळी लिहून त्याच आलेखाखाली मांडा, आणि शक्य असेल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मोजत राहा. त्याआधी दावा करायचाच असेल तर बदलाच्या तारखेला आलेख एकदम हलला का हे पाहा. ऋतू हळूहळू चढतो, कुलूप काढल्याचा परिणाम त्याच आठवड्यात दिसतो.

टप्पा ९: लिहिणे

गुणवत्ता सुधाराचे लेखन कसे असावे यासाठी ‘स्क्वायर २.०’ ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत; लिहायला बसण्याआधी ती एकदा वाचा. संदर्भाचे वर्णन, म्हणजे किती प्रसूती, रात्रपाळीला किती परिचारिका, एसएनसीयू किती दूर, हे लोक एका ओळीत उरकतात. दुसऱ्या रुग्णालयाला उपयोग याच वर्णनाचा होतो. फसलेल्या फेऱ्या लिहा. मोजमाप किती टक्के बाळांचे झाले तेही लिहा, कारण न मोजलेली बाळे बहुधा घाईत आणलेली, म्हणजे सर्वांत गार असतात. निष्कर्षात तापमानाविषयी बोला. मृत्यू कमी झाले असे म्हणू नका. मोजमाप आणि बदल सिस्टरांनी केले असतील तर लेखकांच्या यादीत त्यांची नावे यावीत, शेवटच्या आभारांत नव्हे.

टप्पा १०: टिकवणे

आलेख सुधारल्यावर बैठका थांबतात आणि तीन महिन्यांत कुलूप परत लागते. हे टाळण्यासाठी बदल माणसांच्या आठवणीतून काढून कामाच्या चाकोरीत बसवावा लागतो. वॉर्मर सुरू करणे आणि दोन दुपटी तयार असणे हे मुद्दे प्रसूतीपूर्व चेकलिस्टमध्ये घाला. दुपटी आणि टोपडी यांचा महिन्याचा खप काढून ती नियमित इन्डेंटमध्ये, म्हणजे साहित्याच्या मागणीपत्रात, टाका. तेवढा पुरवठा होत नसेल तर रुग्ण कल्याण समितीपुढे आकड्यांसह मागणी ठेवा. थर्मामीटरच्या सुट्या बॅटऱ्यांचाही त्याच यादीत समावेश करा. नवीन इंटर्न आणि निवासी डॉक्टर रुजू होतील त्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांनी त्यांना दहा मिनिटे लेबर रूममध्येच ही पद्धत दाखवावी. लेबर रूम व प्रसूतीच्या थिएटरांची गुणवत्ता सुधारण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात दोन-दोन महिन्यांच्या सुधारणा चक्रांची अपेक्षा आहेच, त्यामुळे हेच काम तिथल्या नोंदींत दाखवा आणि दुहेरी कागदपत्रे वाचवा.

रोजचे मोजमाप आलेख स्थिरावल्यावर थांबवता येते. त्यानंतर महिन्याला सलग दहा बाळांचे तापमान घेणे पुरते. दहांपैकी चार किंवा अधिक बाळे गार निघाली तर पुन्हा टप्पा ६ वर जा आणि बाळाच्या मागे चाला. ही मासिक तपासणी कोणत्या दिवशी आहे ते आधी जाहीर करू नका, आणि वर्षातून किमान तीनदा ती रात्री एक ते पाचच्या दरम्यान करा, तेव्हा कपाटाची किल्ली कुठे आहे हेही विचारा.